बिनाक्लचची गाडी

वणीत बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. कोळसा खाणीतले कामगार शिकले, बँकेतले साहेब शिकले, लग्न ठरलेल्या मुली शिकल्या, नवऱ्याशी भांडून आलेल्या दोन-तीन बायकाही शिकल्या. प्रत्येकाचं काही कारण असायचं आणि ते विचारायची मला सवय नव्हती. सूड घ्यायचा म्हणून गाडी शिकायला आलेलं माणूस मात्र एकच भेटलं. मेश्राम सिस्टर.

वनमाला मेश्राम हे त्यांचं नाव. मुकुटबनच्या अलीकडच्या एका गावात उपकेंद्राच्या नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. बारीक, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, फिकट रंगाची इस्त्रीची साडी, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजणाऱ्या बायका घड्याळ असं बांधतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पहिल्याच दिवशी त्यांनी स्टुलावर बसून माझ्या ऑफिसातला परवान्याचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, वहीत उतरवून घेतला आणि मग बोलल्या.

"मले गाडी शिकाची हाय. किती दिवस लागतीन ते खरं सांगा. खोटं बोलसान तर मले कळते."

"एक महिना," मी म्हणालो.

"मी भित्री हाय."

"मग दोन."

त्यांना ते उत्तर पटलं असावं. त्यांनी वहीत 'दोन' असं लिहिलं.

भित्र्या म्हणजे किती, ते दुसऱ्याच दिवशी दिसलं. वरोऱ्याच्या रस्त्यावर माझ्या शिकवायच्या गाडीत त्या बसल्या होत्या. मागून कोळशाचा ट्रक आला आणि त्यानं हॉर्न दिला. सिस्टरांचा पाय क्लचवरून सुटला, गाडी गचका खाऊन बंद पडली. त्यांनी चावी काढली, दार उघडलं, रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःची नाडी मोजू लागल्या. मी खाली उतरेपर्यंत मागे चार ट्रक थांबले होते.

"एकशे चोवीस," त्या मला म्हणाल्या. "थांबा. नव्वदवर येऊ द्या. मंग बसतो."

आमच्याकडच्या बायका 'बसते' म्हणत नाहीत, 'बसतो' म्हणतात. आणि त्या खरंच बसल्या. नाडी नव्वदवर आली, तशा पुन्हा गाडीत येऊन बसल्या. ट्रकवाले शिव्या देऊन दमले होते.

असं पंधरा दिवस चाललं. मुकुटबनची बस पकडून त्या रोज यायच्या, एकही दिवस चुकवला नाही. स्टिअरिंग यायला लागलं, आरसे यायला लागले, पण क्लच काही येईना. हजारो इंजेक्शनं दिलेला तो हात गिअरच्या दांड्यावर ठेवला की चुकीचाच गिअर पडायचा. डाव्या पायाला काय करायचं ते आठवलं की उजवा काय करतोय ते त्या विसरायच्या. तिसऱ्या आठवड्यात मीच गाडी कडेला घेतली. म्हटलं, "सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला गाडी लागतेच कशाला? बस आहे, ऑटो आहे. मुलगी चंद्रपूरला आहे म्हणता, तिच्याकडे जाऊन राहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढच्या काचेतून बाहेर बघत, केसपेपर वाचल्यासारखं, त्यांनी सांगितलं.

ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि फवारणीनं माणसं, त्या वर्षीची गोष्ट. सिस्टरांचा धाकटा भाऊ प्रल्हाद रोजीनं फवारणीला जायचा. शेत दुसऱ्याचं, पंप दुसऱ्याचा, नाकातोंडात जायचं ते तेवढं याचं. पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, त्या साली डोक्याच्या वर गेली होती. गावातल्या कृषी केंद्राच्या मालकानं, वासुभाऊनं, दोन औषधं मिसळून दिली होती. एका बाटलीवर तर लेबलही नव्हतं. प्रल्हाद दुपारी बांधावरून आला तो 'ताई, मले दिसून नाही राह्यलं' म्हणत. उलट्या सुरू झाल्या. तोंडाला फेस. सरकारी अँब्युलन्स आधीच दुसऱ्या गावचे पेशंट घेऊन गेली होती.

"वासुभाऊची पांढरी गाडी दुकानासमोर उभी होती," सिस्टर म्हणाल्या. "म्या पायावर हात ठेवला त्याच्या. त्याच्या दोन्ही पोराइची नाळ म्या कापली हाय, भाऊ. मोठ्याच्या टायमाले पूर होता, खाटेवर बसून नाला ओलांडला होता म्या. तो मले काय म्हने मालूम हाय? 'सिस्टर, कालच नवे कव्हर टाकले. उलटी करन तो.'"

मोटारसायकलवर पुढे एक, मागे सिस्टर आणि मध्ये प्रल्हाद, असे ते वणीला निघाले. वणी यायच्या आधीच सिस्टरांच्या बोटांखालची नाडी थांबली. वेळ त्यांनी पाहून ठेवली होती. मला सांगितली. तीन वाजून अकरा.

"गाडी नाही देली, त्याची शिक्षा कायद्यात नाही," त्या म्हणाल्या. "पन बाटलीची हाय. ते बाटली म्या ठेवली. बाकीच्याइच्याबी ठेवल्या."

त्या मोसमात गावातले आणि आसपासच्या पोडांवरचे, कोलामांच्या वस्त्यांवरचे, जितके फवारणीवाले आजारी पडले, त्या सगळ्यांची नावं, वेळा, लक्षणं आणि औषधं सिस्टरांनी एका वहीत लिहून ठेवली होती. बाटल्यांवरची लेबलं सोलून चिकटवली होती. वासुभाऊ म्हणत होता, हे औषध मी विकलंच नाही. त्याच्या दुकानाच्या परवान्याची कृषी खात्यात चौकशी लागली, तेव्हा सिस्टर चार साक्षीदार घेऊन भाड्याच्या जीपनं यवतमाळला निघाल्या. मारेगावच्या पुढे ड्रायव्हर म्हणाला, गाडी गरम झाली. पोचेपर्यंत साहेब उठून गेले होते. गावातल्या तिन्ही जीपा वासुभाऊचंच खत वाहायच्या. दुसऱ्या तारखेला एसटीनं गेल्या, तर स्टँडवर त्याची माणसं हजर. साक्षीदारांना चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत चारातले तीन गायब.

"म्हनून मले मायी गाडी पाह्यजे. डायवरबी मीच. मंग गाडी गरम नाही होनार." एवढं बोलून त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला. माया तास वाया जाऊन राह्यला."

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा बिनाक्लचच्या गाडीबद्दल सांगितलं. दोनच पायटे, म्हणजे पेडल, एक पळायचा, एक थांबायचा. गिअर गाडीच आपोआप बदलते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अशी गाडी हाय, तं हे पंधरा दिवस मले कायले रडवलं?"

शिकवणारा माणूस आपल्याला येतं तेच शिकवतो.

निवृत्तीचे पैसे गाठीला होते, पण नवी घ्यायचा प्रश्न नव्हता. आमच्या भागात जुनी ऑटोमॅटिक मिळणं त्या वेळी सोपं नव्हतं. पहिली दाखवली ती वणीतच, खाणीतल्या एका अधिकाऱ्याची. लांबलचक, आतून गारेगार. सिस्टर बसल्या तर त्यांना बॉनेट दिसेना. "हे गाडी मले चालवन," म्हणून उतरल्या.

दुसरी यवतमाळच्या एका दलालाकडे होती. छोटी, चांदीच्या रंगाची, चमचम करणारी. किलोमीटर अगदी कमी. मला आवडली. दलाल तोंडाचा गोड होता. सिस्टरांनी त्याला पेशंटच्या नातेवाइकासारखं समोर बसवलं आणि विचारायला लागल्या. किती वर्षांची? आधी कोणाकडे होती? काय दुखलं होतं? कधी पाण्यात गेली होती का? तो म्हणाला, "मॅडम, एकदम कोरी." सिस्टरांनी वाकून ब्रेकच्या पायट्याला हात लावला. रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. "इतका कमी चालला मानूस, अन् टाच एवढी घासली?" मग त्यांनी मागचं कारपेट उचललं, बोटं खाली घातली आणि माझ्या नाकापुढे धरली. ओल्या गाळाचा वास. दलालाकडे बघून त्या शांतपणे म्हणाल्या, "खोटं बोलनाऱ्या मानसाइवर माया सध्या एक कोर्स चालू हाय. तुमी त्यात नका येऊ." बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तुमी बावीस वर्षं काय पाह्यत होते?"

तिसरी गाडी पांढरकवड्याला मिळाली. एका निवृत्त शिक्षकांनी घेतली होती, ते वारल्यावर वर्षभर पोर्चमध्ये उभी होती. लाल, छोटी, उंच बैठकीची. या वेळी मी माझी लाज राखली. सांगून ठेवलं होतं, आम्ही यायच्या आधी चालू करू नका. थंड इंजिन चालू करून आवाज ऐकला. पुढच्या गिअरमधून मागच्यात घातली, धक्का बसतो का पाहिलं. केळापूरच्या देवळाकडच्या चढावर थांबवून ब्रेक सोडला, किती मागे येते ते बघितलं. या स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्या चढावर थोड्या मागे घसरतात, पाय लगेच पळायच्या पायट्यावर न्यावा लागतो, हे सिस्टरांना समजावलं. बॅटरी गेलेली होती आणि टायर उभ्या उभ्या कडक झाले होते. बाकी गाडी तब्येतीनं ठणठणीत.

सिस्टरांची तपासणी वेगळी होती. त्यांनी मागचं दार पूर्ण उघडलं, चपला काढल्या आणि मागच्या सीटवर गुडघे दुमडून आडव्या झाल्या. डोळे मिटून घेतले. शिक्षकांच्या पत्नी घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या.

"मानूस मावते," सिस्टर आतून म्हणाल्या. "पाय दुमडून, पन मावते."

त्या बाईंनी सीटची कव्हरं आत कपाटात जपून ठेवली होती, ती आणून दिली. सिस्टरांनी दोन्ही हातांनी ती परत केली. "कव्हर नको, ताई. सीटा खराब होऊ द्या."

मग शिकवणी नव्यानं सुरू झाली. डाव्या पायाला काम उरलं नव्हतं, पण ते त्याला कळायला वेळ लागला. क्लच समजून तो ब्रेकवर आदळायचा आणि माझं डोकं काचेवर. शेवटी सिस्टरांनीच युक्ती काढली. डाव्या पायातली चप्पल काढून ठेवायची. उघडा पाय बिनकामाचा, चपलेतला पाय कामाचा. परवान्याच्या पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या, कारण साहेबांनी डावीकडे वळायला सांगितलं तेव्हा त्या आधी पूर्ण थांबल्या, तिन्ही आरसे पाहिले, आणि मग नाडी पाहिली. दुसऱ्यांदा पास झाल्या. पेढे वगैरे काही वाटले नाहीत. वहीत 'दोन' खोडून 'साडेतीन' लिहिलं आणि म्हणाल्या, "तुमी पन खोटंच बोलले होते."

सुनावणीच्या दिवशी मी सोबत गेलो. जायचं ठरलं नव्हतं. सकाळी सिस्टर मुकुटबनकडून वणीपर्यंत स्वतः गाडी चालवत आल्या, माझ्या ऑफिससमोर थांबल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "बसा. बोलू नका फक्त." मागे तिघं होते. फवारणीनं एक डोळा गेलेला तुकाराम, कोलाम पोडावरचा लेतू आणि नवरा गेलेली सुमन. त्यांना सिस्टरांनी तासभर आधी, अंधार असतानाच, एकेकाच्या दारातून उचललं होतं. स्टँड लागला नाही, चहा लागला नाही.

करंजी सोडल्यावर रस्ता अरुंद होतो. तिथे पुढे एक जीप आली. सिस्टरांनी लगेच ओळखली, त्यांच्या गावातलीच. ती हळू झाली. आणखी हळू झाली. रस्त्याच्या मधोमध, बैलगाडीच्या चालीनं. मागून ट्रक हॉर्न देऊ लागला.

सिस्टरांनी आजवर चालत्या गाडीला कधी ओलांडलं नव्हतं. मी शिकवलं होतं, पण त्या म्हणायच्या, मला काय घाई आहे. आता अकरा वाजता साहेब बसणार होते. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. डाव्या हाताचं बोट उजव्या मनगटाच्या नाडीवर गेलं होतं.

"सिस्टर, मी घेऊ का?" मी न राहवून विचारलं.

"बोलू नका म्हनलं न." मग हलक्या आवाजात त्या स्वतःशीच मोजू लागल्या. समोरून बस येऊन गेली. एक टँकर गेला. रस्ता लांबवर मोकळा झाला. सिस्टरांनी हॉर्नवर तळहात दाबून धरला, उजवीकडे काढली, उजवी चाकं कच्च्यात उतरली, मुरूम उडाला, आणि गाडी जीपच्या बाजूला आली. त्या क्षणी त्यांनी जीपकडे पाहिलंसुद्धा नाही. लेतूनं मात्र पाहिलं. आतमध्ये वासुभाऊचा मोठा मुलगा बसला होता, पुराच्या रात्री जन्मलेला.

आम्ही पुढे निघालो. बऱ्याच वेळानं सिस्टर म्हणाल्या, "त्याचं वजन फक्त दोन किलो होतं. रात्रभर छातीशी धरून बसलो होतो मी."

सुनावणीत मी दाराबाहेर होतो. तुकारामनं नंतर सांगितलं की वासुभाऊच्या वकिलानं सिस्टरांना विचारलं, तुमचा वैयक्तिक राग आहे का? सिस्टर म्हणाल्या, "हाय. लय हाय. पन बाटली रागानं भरली नाही, औषधानं भरली हाय. ते पाहा." आणि वही पुढे सरकवली. साहेबांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली.

दुकानाचा परवाना रद्द झाला. पुढे पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. दुकानाला सील लागलं त्या दिवशी सिस्टरांनी लाल गाडी समोर लिंबाखाली लावली आणि सगळं होईपर्यंत आत बसून पाहिलं. डबा आणला होता. भाजी-भाकर खाल्ली. पोती मोजून झाली, कुलपावर लाख पडली, तसा वासुभाऊ रस्ता ओलांडून गाडीजवळ आला आणि सगळ्या गावासमोर त्यानं हात जोडले.

"सिस्टर, आता पुरे करा. माया पोराइनं काय केलं?"

सिस्टरांनी काच बोटभर खाली केली. "तुमची पोरं जित्ती हायत. त्याइले जेवाले घाला," म्हणाल्या, आणि काच वर केली.

यानंतर पुष्कळ लोक त्यांच्याकडे मध्यस्थीला आले. सरपंच आले, नातेवाईक आले. "झालं ते झालं, माफ करून टाका," म्हणाले. सिस्टरांनी विचारलं, "माफी म्हनजे काय गोळी हाय का, सकाळ-संध्याकाळ घ्याची अन् बरं व्हाचं?" वस्तीतल्या विहारातलेच एक बुजुर्ग आले, तेव्हा मी तिथे गाडीचं तेल बदलायला गेलो होतो. ते प्रेमानं म्हणाले, "वनमाला, आपण बुद्धाची माणसं. वैर धरू नये." सिस्टरांनी त्यांना वाकून नमस्कार केला, चहा दिला आणि मग म्हणाल्या, "बाबाजी, खोटं बोलू नये हेबी बुद्धानंच सांगतलं. पयले त्याले ते सांगून या. त्यानं ऐकलं, का मंग मले हे सांगा." म्हातारा माणूस चहा पिऊन उठला. परत आला नाही.

मला स्वतःला त्यांची कधी कधी भीती वाटायची, हे कबूल करतो. इतका राग पोटात ठेवून माणूस झोपतो कसा? एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, दुकान बंद झालं. समाधान झालं का?"

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "समाधान नाही, भाऊ. पन भूक लागते आता. प्रल्हाद गेल्यापासून लागत नव्हती."

खटला पांढरकवड्याच्या सत्र न्यायालयात चालला. तारखेमागून तारीख. प्रत्येक तारखेला साक्षीदारांना घेऊन लाल गाडी वेळेआधी हजर. मधल्या काळात तुकारामचा दुसरा डोळाही अधू झाला, सुमन मुलीकडे निघून गेली. सिस्टर तिला तिथून घेऊन यायच्या आणि परत सोडायच्या.

निकालाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. वासुभाऊ दोषी ठरला. शिक्षा काही महिन्यांची आणि दंड. बाहेर येऊन आम्ही श्वास घेतो न घेतो, तर कळलं की अपिलासाठी त्याला लगेच जामीनही मिळाला. दुपारी तो आपल्या पायांनी पायऱ्या उतरला. त्याच्या माणसांनी जीपमधून हार आणले होते. एकानं ते गळ्यात घातले. फटाके वाजवायचे होते, पण आवारातल्या पोलिसानं अडवलं. सुमन रडायला लागली.

सिस्टर रडल्या नाहीत. हार घातलेल्या माणसाकडे त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या, सलाईन नीट चालू आहे की नाही हे बघावं तशा. मग सरकारी वकिलांकडे गेल्या.

"अपील कुठं होईन, साहेब?"

"नागपूरला, बाई. पण त्यात तुमचं काम नाही. साक्षीदार लागत नाहीत तिथे. वेळ लागेल, वर्षंही जातील."

"मले बसाले जागा राह्यते न तिथं?"

"बसायला कोणीही बसतं."

त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, नागपूरचा रस्ता चार पदरी हाय न?"

"हो. इथूनच लागतो."

"समोरून कोनी येत नाही त्याच्यावर?"

"नाही. मध्ये दुभाजक आहे."

"मंग सोपा हाय," सिस्टर म्हणाल्या. सुमनला त्यांनी माझ्यासोबत बसस्टँडवर सोपवलं. "आज थोडा पाहून येतो."

मी स्टँडच्या बाहेर येऊन उभा राहिलो. लाल गाडी बायपासच्या चढावरून हायवेला लागली. मोठमोठे ट्रेलर दक्षिणेकडून येत होते, हॉर्न देत होते, बाजूनं सुसाट निघून जात होते. ती अगदी डावीकडच्या पट्ट्यात, चाळीसच्या वेगानं, सरळ नागपूरच्या दिशेला चालली होती. तिनं कोणालाही जागा करून दिली नाही.